दिवंगतांच्या रांगेत धाकटी

पोस्टमास्तरांनी उभ्या नोकरीत एकही पत्र चुकीच्या दारात टाकलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर एका रविवारी मात्र त्यांनी अख्खं माणूसच चुकीच्या दारात टाकलं, आणि तेही भर उपासनेत, हात जोडून, डोळे मिटून. त्या चर्चची रीत अशी होती, की आजाऱ्यांसाठी प्रार्थना व्हायची ती बसून, माना खाली घालून. आणि दिवंगतांची आठवण निघाली की सगळी मंडळी उभी राहायची. एरवी पोस्टमास्तर कागदावरून वाचत. त्या दिवशी नाकावर चष्मा नव्हता. कागद त्यांनी आधी जवळ धरला, मग लांब धरला, मग आणखी लांब धरून पाहिला. हात संपला तेव्हा कागद खिशात घातला आणि आठवणीवर भिस्त ठेवून निघाले. सुताराच्या बायकोचा गुडघा झाला, शाळेच्या शिपायाचं पित्ताशय झालं. मग त्यांनी घसा साफ केला तशी मंडळी उभी राहिली, बाक करकरले. "गेल्या हिवाळ्यात आम्हांला सोडून गेलेले आमचे घड्याळजी," पोस्टमास्तर म्हणाले, "आणि हे दयाळू बापा, आमच्या ताईंची धाकटी बहीण." मंडळी म्हणाली, आमेन. ताईही म्हणाली. ती आधी उभी राहिली होती, मग आमेन म्हणाली होती, आणि त्यानंतर तिला कळलं की आपण कोणासाठी उभ्या आहोत.

बाकाच्या पाठीवर तिचे हात होते. लाकूड गुळगुळीत होतं, थंड होतं. तेवढंच काय ते जाणवलं. धाकटी तर आजाऱ्यांतही नव्हती. तिची प्रार्थना या दोन्हींच्या मधे कुठंतरी, बसल्या बसल्या होई. चुकलेल्यांसाठी, वाट हरवलेल्यांसाठी जी काही मोघम वाक्यं असतात त्यांच्या शेपटाला. दर रविवारी. ताईच्या विनंतीवरून. इतकी वर्षं, की धाकटी म्हणजे कोण, कुठं असते, काय करते, हे मंडळीतल्या नव्या माणसांना ठाऊकही नव्हतं. एक बहीण आहे आणि तिच्यासाठी प्रार्थना करायची असते, एवढंच ठाऊक होतं, जसं छपराला गळती आहे आणि तिच्यासाठी देणगी द्यायची असते. उपासना संपली आणि ताई दारापर्यंत पोचायच्या आत गायनमंडळातल्या मावशींनी तिला मिठीत ओढलं. मावशींचं अंग मोठं आणि रडणं त्याहून मोठं. "बोलली नाहीस गं आम्हांला! एकटीच गिळत बसलीस!" ताईचं तोंड त्यांच्या खांद्यात दाबलं गेलं होतं. अहो मावशी, ती जिवंत आहे, एवढंच म्हणायचं होतं. पाच शब्दांचं वाक्य. पण ते वाक्य ओठांपर्यंत आलं आणि तिथं येऊन अडलं, कारण ते म्हणायला एक गोष्ट लागते. ते खरं आहे हे ठाऊक असावं लागतं.

ठाऊक नव्हतं. हाच तो धक्का. बाकी काही नाही. पोस्टमास्तर चुकले असतील किंवा नसतील. पृथ्वीच्या पाठीवर त्यांना खोडून काढण्याचा अधिकार जर कोणा एका माणसाला असेल तर तो ताईला, आणि ताईजवळ खोडायला काही नव्हतं. ती "हो," म्हणाली. कशाला हो म्हणाली तिलाच कळलं नाही. पाळकसाहेबांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला. "पुढच्या रविवारी स्मरणाची उपासना घेऊ. तिच्याविषयी तुम्हीच दोन शब्द बोला, ताई. तुमच्याइतकं कोण ओळखतं तिला?" ताई पुन्हा "हो" म्हणाली.

आता ही ताई कोण, तर चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचांच्या कडा घासणारी बाई. पण मंडळीत तिला चष्म्यांसाठी कोणी ओळखत नसे. तिला ओळखत ते सुपासाठी. कोणी अंथरुणाला खिळलं, कोणाचं ऑपरेशन झालं, कोणाचा नवरा सोडून गेला, की दुसऱ्या दिवशी दारात ताई आणि तिच्या हातात झाकणाचं पातेलं. ते सूप पिऊन मेलेला माणूस उठून बसला आणि मीठ मागू लागला, अशी एक गोष्ट सुतार सांगत असे; गोष्ट थापेची होती, पण पातेलं खरं होतं. ती ज्यांच्याकडे जाई तिथं उपदेश करत नसे. भांडी घासे, खिडकी उघडे, आजाऱ्याचे केस विंचरे. देवाचं नाव तिथं घेतलंच पाहिजे असं तिला वाटत नसे. हात काय करताहेत ते तो बघतोच आहे, अशी तिची समजूत. आणि हे ढोंग नव्हतं बरं का. ढोंग असतं तर गोष्ट सोपी झाली असती. तिला खरोखर माया वाटे. परक्या माणसाच्या तापलेल्या कपाळावर ठेवलेला हात तिला उचलवत नसे. परक्यांवर माया करणं तिला कधी जड गेलं नाही. परक्यांनी तिचं काही मोडलेलं नव्हतं.

त्या आठवड्यात घरात सूप आलं. सगळ्या मंडळीला वाटलं की आता आपली पाळी. सुताराच्या बायकोनं दुखऱ्या गुडघ्यानं आणलं, मावशींनी बादलीएवढ्या भांड्यात आणलं, शिपायाच्या सुनेनं आणलं ते इतकं घट्ट होतं की त्यात चमचा मंडळीसारखा उभा राहिला. ओट्यावर, टेबलावर, खिडकीत पातेलीच पातेली. ताई त्यांच्या मधे बसून पाळकसाहेबांचे दोन शब्द शोधत होती. माझी बहीण. पुढे? धाकटीला मोठ्यानं हसायची सवय होती, ती आहे की गेली? केस पिकले असतील का? तिची दृष्टी आईसारखी चाळिशीतच अधू झाली असेल, मग चष्मा कोणी करून दिला? इतक्या लोकांच्या नाकांवर ताईनं काचा चढवल्या होत्या, आणि धाकटीच्या डोळ्यांचा नंबर तिला माहीत नव्हता. जे काही माहीत होतं ते सगळं एका जागी येऊन थांबत होतं, आईच्या अंत्यविधीपाशी. त्याच्या अलीकडे परकरातली धाकटी होती, शिट्टी वाजवणारी होती, गोवरानं फुललेली होती. पलीकडे कोणीच नव्हतं. नुसती प्रार्थना होती.

तिथं काय झालं होतं, तर काहीच झालं नव्हतं. भांडण नाही, शब्द नाही. धाकटी त्याच्या आधी दोन वर्षं एका बाजा वाजवणाऱ्या माणसाबरोबर राहत होती, ज्याची लग्नाची बायको दुसऱ्या गावात होती. मंडळीत कुजबुज झाली होती, आणि आईनं ती ऐकू येत नसल्याचं सोंग केलं होतं. अंत्यविधीच्या दिवशी पहिला बाक घरच्यांचा. घरचं म्हणजे आता दोघीच. ताई आधी येऊन बसली आणि शेजारच्या जागेवर तिनं आपली पर्स ठेवली. काळी, पितळी चाप असलेली. मुद्दाम ठेवली का? ठेवताना मुद्दाम नसेल. धाकटी मधल्या वाटेनं चालत आली, कोणाचा तरी मागून आणलेला हिरवा कोट घालून, मोठा झालेला. बाकाशी येऊन उभी राहिली आणि तिनं पर्सकडे पाहिलं. मग ताईकडे पाहिलं. पर्स दोन बोटांनी उचलता आली असती. ताईनं समोरच्या शवपेटीकडे बघत राहायचं ठरवलं, आणि तिला तेव्हा मनातून वाटलं होतं, अगदी प्रामाणिकपणे वाटलं होतं, की आपण देवाच्या बाजूनं बसलो आहोत. आधी तिनं चुकलं म्हणावं, मग पर्स उचलू. धाकटी थोडा वेळ उभी होती. मग तिच्या टाचा वाजत वाजत मागं गेल्या, शेवटच्या बाकापर्यंत, आणि त्या आवाजाला काही केल्या अंत येईना. पुढच्या रविवारपासून ताईनं तिच्यासाठी प्रार्थना सुरू केली.

आणि पत्ता? पत्ता ठाऊक होता. हीच तर गंमत, रडवणारी. बस आगाराच्या मागची गल्ली, खाली चपला दुरुस्त करणाऱ्याचं दुकान, वर जिना. ताई कामावर जायची ती बस त्या गल्लीच्या तोंडावरून जाई आणि ताई नेहमी पलीकडच्या बाजूला बसे. पलीकडची जागा नसली तर उभी राही. सवयच लागून गेली होती. डाव्या खिडकीतलं ते शहर तिनं कधी पाहिलंच नव्हतं म्हणा ना. बाई जगाच्या टोकाला पातेलं घेऊन गेली असती, पण बसच्या डाव्या बाजूला गेली नाही.

गुरुवारी पोस्टमास्तर दुकानात आले. त्यांचा चष्मा ताईकडेच होता. शनिवारपर्यंत देईन असा तिनं शब्द दिला होता, आणि शनिवारी सुताराच्या बायकोकडे सूप घेऊन गेल्यामुळे काच बसवायची राहून गेली होती. म्हणजे चुकीची सुरुवातसुद्धा तिच्याच पुण्याईतून झालेली. पोस्टमास्तर स्टुलावर बसले. ताईनं चाकावर पाणी सोडलं, काचेची कड धरली, घर्रर्र असा आवाज खोलीत भरला. तो थांबेपर्यंत ते टोपी गुडघ्यावर फिरवत राहिले.

"ताई, रागावू नका. मला रविवारपासून चैन नाही."

"कशाबद्दल?"

"तुम्ही मला कळवलं नव्हतंत. म्हणजे ती गेल्याचं. मी आपला बोलून गेलो. घरी आल्यावर बायको म्हणाली, अहो, तुम्हांला सांगितलं कोणी? मी म्हटलं, सांगितलं असणार. नाहीतर मी कसा बोलेन?" त्यांनी टोपी उलटी केली. "मग विचार केला. तुम्ही येता ना दर रविवारी माझ्याकडे, म्हणता, तिच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा. सुताराच्या बायकोसाठी तुम्ही काय म्हणालात? गुडघ्यासाठी करा. शिपायाचं पित्ताशय. घड्याळजी होते तेव्हा, त्यांना झोप लागावी म्हणून करा. तुम्ही प्रत्येकाचा नेमका अवयव सांगता. धाकटीचं तेवढं कधी काही दुखलं नाही. तिला हात नाहीत, पाय नाहीत, खोकला नाही. नुसता आत्मा. म्हातारा माणूस मी, चष्मा नव्हता, माझ्या डोक्यानं तिला तिकडच्या रांगेत घातलं."

ताईनं काच फ्रेममध्ये दाबली. ती टक् करून बसली.

"कधी गेली हो?" पोस्टमास्तरांनी हळूच विचारलं.

"मला माहीत नाही."

"नक्की तारीख नसेना का—"

"गेली का, तेच माहीत नाही."

पोस्टमास्तरांनी चष्मा चढवला. कानामागं काडी नीट बसली की नाही ते बघितलं. मग त्या नव्या काचांतून ताईकडे पाहिलं, आणि ताईला वाटलं आता काहीतरी शास्त्रवचन येणार. पण ते म्हणाले, "मग इथं काय करताय?"

"काम आहे. मालक—"

"मालकाला मी सांगतो. पाळकसाहेबांनाही सांगतो, चूक माझी. उठा. अहो, उठा की! बसलात काय खिळल्यासारख्या!"

बसमध्ये ती डाव्या बाजूला बसली. दुपारची वेळ, बस रिकामी. खिडकीतून गॅरेजं गेली, रंग उडालेली एक शाळा गेली, वाळत घातलेले कपडे गेले. इतकी वर्षं हे सगळं तिच्या पाठीमागं चालू होतं. काय बोलायचं ते ती जुळवत होती. मी चुकले. नाही, आधी नाव घ्यायचं. आधी पर्सबद्दल बोलायचं. माफ कर, हे शेवटी. मग तिला वाटलं, की दार उघडून धाकटी मोठ्यानं हसली तर? तसं झालं तर किती सोपं होईल. आणि दारच उघडलं नाही तर? हातात पातेलं नव्हतं. कोणाच्या घरी ती रिकाम्या हातानं प्रथमच चालली होती, आणि त्या हातांचं काय करायचं ते तिला सुचत नव्हतं.

जिन्यावर चामड्याचा आणि डिंकाचा वास होता. दार अर्धवट उघडंच होतं आणि आतून पाठमोरी एक बाई खाकी गणवेशात, टोपीसकट, स्टोव्हवर दूध हलवत होती. तिनं वळून पाहिलं. "चर्चच्या ना? या. कुठल्या ना कुठल्या चर्चचं कोणीतरी येतं मधूनमधून, प्रार्थना करतं नि जातं. पायताण काढू नका, फरशी पुसायची मलाच आहे. मी शेजारची. बसवर कंडक्टर. तुमचं ते देवाबिवाचं मला काही कळत नाही, आधीच सांगते."

"ती... आहे का?"

"आहे म्हणजे? जाते कुठं ती! अर्धं अंग गेलंय, आता शुद्धही ये-जा करते. सकाळी मला म्हणाली, तिकीट देऊ नकोस, मी पुढच्या थांब्यावर उतरणार आहे." कंडक्टरबाई हसली आणि लगेच बाहीनं नाक पुसलं. "डॉक्टर म्हणाला, आठवडाभर."

आहे. आहे, आहे. देवा, आहे. "तिला कोणी... घरचं?" हे तिच्या तोंडून कसं निघालं कोण जाणे.

"कोणी नाही. तो बाजावाला केव्हाच पळाला. एक मोठी बहीण होती, ती वारली."

दूध वर आलं. कंडक्टरबाईनं ज्योत बारीक केली.

"फार वर्षं झाली म्हणते. आईच्या पाठोपाठच गेली. सोन्यासारखी बाई होती हो! हिला लहानपणी गोवर झाला, आईनं कोणाला जवळ जाऊ दिलं नाही, तर ही मोठी खिडकीतून आत शिरली नि हिच्या पांघरुणात जाऊन झोपली. एकटीनं खाजवत बसू नये म्हणून. दुसऱ्या आठवड्यात दोघी लाल!" ती दूध ओतू लागली. "मी एकदा म्हटलं हिला, चिडून म्हटलं, अगं पण एवढ्या वर्षांत तुझ्या घरचं कोणी फिरकलं नाही, कसली माणसं! तर म्हणाली, तसं बोलू नकोस. ताई असती तर आली असती. जिवंत असून ती आली नाही, असं होणंच शक्य नाही. मग मी गप्प. मला ना बहीण, ना भाऊ. म्हटलं, असलं माणूस असतं तरी कसं, बघू तरी करून. म्हणून हे दूधबीध. नाहीतर मी कसली! मी प्रवाशांना शिव्या घालणारी बाई."

ताईला ऐकू येत होतं आणि येत नव्हतं. दारं, खिडक्या, स्टोव्ह, सगळं होतं तिथंच होतं. धाकटीनं तिला मारलं होतं. पर्स ठेवणारी बहीण लोकांना सांगायला नको म्हणून मारलं होतं, आणि मारून चांगली ठेवली होती, इतकी चांगली की तिच्या गोष्टी ऐकून ही खाकीतली परकी बाई माया करायला शिकली होती. ताईनं रविवारी रविवारी धाकटीची चूक चारचौघांत सांगितली, देवाला सांगायच्या निमित्तानं. धाकटीनं ताईची चूक कोणालाच सांगितली नव्हती. आणि जुळवून आणलेलं ते सगळं, मी चुकले, माफ कर, आता सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की मी जिवंत होते. इतकी वर्षं. बसनं अर्ध्या तासावर.

"जा आत. जागी आहे," कंडक्टरबाईनं कप आणि चमचा तिच्या हातात दिला.

खोली लहान होती आणि स्वच्छ. पलंगावर एक म्हातारी होती. एवढी? ताईपेक्षा म्हातारी. तोंडाची एक बाजू उतरलेली, केस कोणीतरी नीट विंचरून रिबिनीनं बांधलेले. तिचे डोळे छतावरून खाली आले, ताईवर आले, आणि तिथं थांबले. चष्म्याविना ते डोळे काय बघत होते कोण जाणे. मग चेहऱ्याची जी बाजू हलत होती ती हलली.

"ताई."

ताईनं कप पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवला.

"आलीस. न्यायला आलीस ना मला?"

बोलायचं होतं ते सगळं जिभेवर आलं. नाही गं, मी मेलेली नाही, मी इथंच होते. एवढं म्हटलं असतं की मग माफी मागता आली असती, आणि धाकटीनं ती दिली असती, हे ताईला त्या क्षणी लख्ख दिसत होतं. धाकटीनं ती ताबडतोब दिली असती. पण माफ करायला आधी तिला कळावं लागलं असतं. आठवडाभरात मरायला निघालेल्या बाईला आपल्या हातानं सांगायचं, की तू ज्या बहिणीची राखण केलीस ती मुळात नव्हतीच. जी होती ती आली नाही. आणि तिच्याकडून माफी घेऊन, हलकं होऊन, घरी जायचं. ताई पलंगाच्या कडेला बसली. आयुष्यात खोटं न बोललेली बाई. तिनं धाकटीचा जिवंत हात हातात घेतला. तो ऊन होता.

"हो गं," ती म्हणाली. "न्यायला आले."

"किती वेळ लावलास."

"हो. फार लावला."

धाकटीनं डोळे मिटले, पुन्हा उघडले. एखाद्या लहान मुलीनं दवाखान्याच्या पायरीवर विचारावं तसं तिनं विचारलं, "जाताना दुखलं का गं?"

ताईनं तिचं पांघरूण खांद्यापर्यंत ओढलं. मग ती म्हणाली, "नाही. मला कळलंसुद्धा नाही, कधी गेले ते."

"मग बरंय," धाकटी म्हणाली. तिचा चेहरा सैल पडला.

दारात सावली आली म्हणून ताईनं वर पाहिलं. कंडक्टरबाई ड्यूटीवर निघाली होती, खांद्याला तिकिटांची पिशवी. किती वेळ उभी होती कोण जाणे. सगळं ऐकलं होतं, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं. तिनं ताईकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, प्रवाशाकडे बघावं तसं, ज्याच्याकडे तिकीट नाही आणि जो उतरायला तयार नाही. बराच वेळ पाहिलं. तिच्या जबड्याची हालचाल झाली. ताई वाट पाहत राहिली. ती काय म्हणाली असती ते ताईला मान्य होतं.

"चमचा डाव्या बाजूनं द्या," कंडक्टरबाई म्हणाली. "उजवीकडून दिलं की सांडतं." आणि ती जिना उतरून गेली.

ताई कप घेऊन उठली, पलंगाला वळसा घालून डाव्या बाजूला आली, आणि दूध फुंकू लागली.